रंग परत येईपर्यंत

धाकटी अडतीस वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती. तिच्याहून मोठं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई एकोणीसची आणि ही अकराची. ताईने शिक्षण सोडलं, एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभी राहिली आणि सत्तावीस वर्षं उभीच राहिली. गुडघे गेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या, लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं ते कळलंही नाही. पण धाकटी नर्स झाली. "मी उभी राहिले म्हणून तू बसून शिकलीस," असं ताई म्हणायची आणि म्हणताना हसायची. तो टोमणा नव्हता. निदान तेव्हा तरी नव्हता.

धाकटी कामाला होती ती त्वचेच्या दवाखान्यात. खाज-खरूज बघणारा दवाखाना नव्हे तो. तिथे येणाऱ्यांची कातडी ठणठणीत असायची, दुखणं असायचं ते आरशाचं. गाल बसलेत, डोळ्यांखाली खड्डे पडलेत, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत रेघा ओढल्यासारख्या दिसतायत, अशी रड घेऊन लोक यायचे. डॉक्टरीणबाई तिथे सुईने फिलर भरायच्या. हायल्युरॉनिक ॲसिड असं त्याचं लांबलचक नाव. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत-बिळत नाही. आपल्या कातडीत ते मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं, वय वाढेल तसं आटत जातं. बारक्या सिरिंजमध्ये काचेसारखा स्वच्छ, दाट असा तो पदार्थ असतो. भरला की खड्डा वर येतो, वर्षभर टिकतो, मग शरीर आपलं आपण त्याला जिरवून टाकतं. आणि माणूस पुन्हा खुर्चीत येऊन बसतो.

डॉक्टरीणबाई स्वभावाने कडक होत्या. त्यांची एक शिस्त होती. सुई टोचून झाली की त्या तिथली कातडी अंगठ्याने दाबायच्या आणि सोडायच्या. दाबलं की कातडी पांढरी पडते, सोडलं की रंग परत येतो. तो किती वेळात येतो हे मोठ्याने मोजणं धाकटीचं काम. "एक, दोन," आणि रंग आला की म्हणायचं, "आला." दोनच्या आत आला तर पुढची सुई. नाही आला तर सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. कारण मग तो पदार्थ रक्ताच्या नळीत शिरलेला असू शकतो, आणि पाणी तोडलेल्या वाफ्यासारखी पुढची कातडी सुकून मरते. त्यासाठी फ्रिजच्या दारात औषधाची एक छोटी बाटली कायम असायची. भरलेलं फिलर विरघळवून टाकणारं औषध. दवाखान्यात सगळे त्याला उताराच म्हणत. "पहिल्या सहा तासांत उतारा दिला तर चेहरा आपला," डॉक्टरीणबाई सांगायच्या, "नंतर देवाचा." पाच वर्षांत दोनदा तशी वेळ आली. दोन्ही वेळा धाकटीनेच बाटली काढून हातात दिली, आणि दोन्ही बायका हसत घरी गेल्या.

आणखी एक पद्धत होती. कुणाकुणाला अर्धीच सिरिंज लागायची. उरलेली अर्धी टोपण लावून, नावाची पट्टी चिकटवून फ्रिजमध्ये ठेवायची. पंधरा दिवसांनी ते माणूस आलं नाही की फेकून द्यायची. धाकटी इमानेइतबारे फेकत आली होती. एवढं महागाचं औषध फेकताना जीव हळहळायचा, पण फेकायची.

मग एके दिवशी ताई दुकानातून आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही. आमचा तो चष्मेवाला मॅनेजर. कालचं पोर, मिसरूड फुटायच्या आत साहेब झालाय. म्हणतो, पुढच्या महिन्यात नवीन अत्तरं येणार आहेत, काउंटरवर चेहरा ताजा पाहिजे. तुम्ही हल्ली फार थकलेल्या दिसता. तुम्हाला खाली गोदामात घेऊ."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबा रे, दिसते कसली, थकलेलीच आहे." ताई हसली, पण हसू अर्ध्यातच विझलं. "खाली खिडकी नाही गं. दिवसभर खोकी उचलायची. हे गुडघे घेऊन किती दिवस निघणार? आणि एकदा खाली गेलेली बाई परत वर आलेली मी तरी पाहिली नाही."

ताईला रडताना धाकटीने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. ही तिसरी वेळ होती. धाकटीच्या मनात आलं, जिने सगळं दिलं तिला आपण आजवर काय दिलं, तर वाढदिवसाला एक शाल. आणि दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तर नेमकं हेच औषध पडून असतं, कुणालाही नको असलेलं.

शनिवारी तिने फेकायच्या दोन सिरिंज फेकल्या नाहीत. डब्याच्या पिशवीत ठेवल्या आणि घरी आणल्या. मॅडमना विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी स्वतःच फुकट करून दिलं असतं, कोण जाणे. पण ही बया विचारेल तर ना! पाच वर्षं जवळून बघितलं होतं, हजार वेळा मोजलं होतं. बघून बघून हात बसतो असं तिला वाटलं. पोहणाऱ्याला रोज काठावरून बघणारा माणूस बुडतो तो याच समजुतीने.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीशी ओढलं, उशी ठेवली, स्वच्छ चादर अंथरली. ताई जगाला पुरून उरणारी बाई, पण सुई दिसली की तिची पाचावर धारण बसायची. म्हणून धाकटीने बधिर करायचं मलम दुप्पट लावलं आणि दुप्पट वेळ ठेवलं. ताईला एवढंसंही दुखू नये, हीच एक इच्छा. पण दुखणं हा चेहऱ्याचा राखणदार असतो, आणि त्यालाच तिने प्रेमाने थोपटून झोपवलं.

उजवी बाजू छान झाली. टोचलं, दाबलं, सोडलं. "एक, दोन, आला." बसलेला गाल वर आला, रेघ पुसट झाली. धाकटीला स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं.

डावीकडे सुई आत होती तेव्हा ताईला मॅनेजर आठवला. ओठ न हलवता ती म्हणाली, "उद्या त्याने ओळखलंच नाही तर? म्हणेल, अगं पोरी, आज तुझी आई नाही आली कामाला?" धाकटीला फस्सकन हसू आलं. हात हलला तो केसभरच. सिरिंजच्या दट्ट्यावरचा अंगठा मात्र दाबलेलाच होता.

नाकपुडीच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, कातडी एकदम खडूसारखी पांढरी पडली.

धाकटीने सुई काढली. अंगठा दाबला, सोडला. "एक. दोन. तीन. चार."

"काय मोजतेस? माझी वर्षं? संध्याकाळ होईल."

"पाच," धाकटी म्हणाली. आणि मग म्हणाली, "आला."

आला नव्हता. तिला ढळढळीत दिसत होतं. दवाखान्यात रंग ओरडून सांगायची पाच वर्षांची सवय, आणि आपल्या घरात, आपल्या माणसाच्या तोंडावर ती खोटं बोलली. तिचं तिलाच कळेना आपण असं का म्हणालो. दवाखान्याची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होती, कारण रोज सकाळी तीच उघडायची. चालत वीस मिनिटं. फ्रिजच्या दारात बाटली. पण बाटली कमी झाली की मॅडम विचारणार. विचारलं की सिरिंजचं निघणार. सिरिंजचं निघालं की नोकरी गेली, नर्सचा परवाना गेला, आणि ताईची सत्तावीस वर्षं गेली ती गेलीच. असा सगळा हिशेब तिच्या डोक्यात उभा राहिला. त्यात फक्त ताईचं नाक नव्हतं.

"जरा सूज आहे," ती म्हणाली. "उतरेल."

ताईने आरसा हातात घेतला. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. "अगं बाई," ती म्हणाली. "अगं ही तर मी आहे! ही होते मी!" तिने धाकटीचं डोकं जवळ ओढलं आणि कपाळाचा मुका घेतला. लहानपणी घ्यायची तसा. "आता काय करायचं? शेक-बिक?"

अशा वेळी गरम शेक द्यायचा असतो, नळ्या उघडाव्यात म्हणून. धाकटीला ते पाठ होतं. पण शेक सांगायचा म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कबूल करायचं. सगळं नीट झालेल्या पेशंटला दवाखान्यात एकच सांगतात.

"बर्फ लाव," ती म्हणाली.

ताई शहाण्या मुलीसारखी संध्याकाळभर बर्फ लावत बसली.

सोमवारी दुपारी ताईचा दुकानातून फोन आला. आवाज खुशीत होता. "चष्मेवाला म्हणाला, सुट्टीवर जाऊन आलात वाटतं! चार महिने तरी मला काउंटरवरून कुणी हलवत नाही बघ. फक्त ते नाकाशेजारी जाळी जाळी दिसतेय गं, जांभळट. पावडरने झाकली. आणि आज जरा ठणकतंय."

जाळी म्हणजे रक्त अडलंय, हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं.

"निळं पडतं गं ताई. टोचलं की पडतंच."

"मग बर्फ चालू ठेवू?"

"हो."

फोन ठेवून ती सरळ फ्रिजकडे गेली. बाटली समोर होती. तिने हातही लावला. चोवीस तास उलटले नव्हते अजून. सगळं नाही, पण बरंचसं हाती लागलं असतं. तेवढ्यात मागून आवाज आला. "काय शोधतेस?"

"बर्फ," धाकटी म्हणाली.

"कुणाला? आत तर कुणी नाही."

"मलाच. डोकं दुखतंय."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "चेहरा बघ कसा उतरलाय. जा घरी, पड जरा. मी सांभाळते." कडक बाईने नेमकी त्याच दिवशी माया दाखवली! त्या रागावल्या असत्या तर कदाचित सगळं भडाभडा बाहेर पडलं असतं. मायेने मात्र तोंडाला कुलूप लागलं. धाकटी पर्स उचलून बाहेर पडली. संध्याकाळी सहाला किल्ली घेऊन परत आली, तर आत दिवा आणि मॅडमची सावली. ती तशीच माघारी फिरली.

मंगळवारी नाकपुडीच्या कडेला बारीक पांढरे फोड आले. ताईने रजा टाकली. धाकटीने गोळ्या आणून दिल्या. "हे बरोबर आहे ना गं?" ताईने एकदाच विचारलं. धाकटीने मान डोलावली. "तू नर्स आहेस बाई, तुला कळतं," असं म्हणून ताईने गोळी गिळली.

बुधवारी अकराच्या सुमाराला दवाखान्याचं दार उघडलं. दुकानातली, ताईच्या शेजारच्या काउंटरवरची बाई खबर घ्यायला घरी गेली होती आणि नाक बघून ताईला हाताला धरून घेऊन आली होती. "हा दवाखाना चांगला आहे म्हणतात," ती सांगत होती, "आमची ही ऐकतच नव्हती, कुठे यायलाच तयार नव्हती." ताईने नाकातोंडावर रुमाल धरला होता. रुमालावरून तिने आत पाहिलं. ट्रे घेऊन उभी असलेली आपली बहीण पाहिली.

"नमस्कार, सिस्टर," ताई म्हणाली.

धाकटीने ट्रे टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी ताईला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मोठा दिवा ओढला आणि रुमाल बाजूला केला. नाकपुडीची कड राखाडी-काळी झाली होती. "कुणी केलं हे?"

"पार्लरमध्ये एक बाई आली होती," ताई म्हणाली. "नाव नाही माहीत. आता ती तिथे नाही."

"पळाली असणार. अशांना उभं केलं पाहिजे लोकांसमोर." त्यांनी अंगठा काळ्या भागाशेजारी टेकवला, दाबला आणि सोडला. "सिस्टर, मोज."

"एक," धाकटी म्हणाली. "दोन. तीन. चार." "पाच. सहा. सात." ताई छताकडे बघत होती. "आठ. नऊ."

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधीचं आहे?"

"रविवार दुपारचं."

"रविवार! अहो, रविवारी संध्याकाळी आला असतात तर काहीसुद्धा झालं नसतं. सोमवारी दुपारी आला असतात तरी नाक बरंचसं वाचलं असतं. औषध इथेच होतं, या फ्रिजमध्ये. ठणकलं नाही का तुम्हाला?"

"ठणकलं."

"मग?"

"मला सांगितलं, निळं पडतंच म्हणून. बर्फ लावायला सांगितला."

"बर्फ? बर्फाने तर उरलंसुरलं रक्तही आटलं. कुणी सांगितला बर्फ? त्या पार्लरवालीने?"

आता ताईने छतावरून नजर काढली. मान वळवली आणि धाकटीकडे पाहिलं. आतापर्यंत तिला वाटत होतं की पोरीचा हात चुकला. हात काय, कुणाचाही चुकतो. फ्रिजचं तिला आत्ता कळलं. सोमवारची दुपार तिला आत्ता कळली. धाकटीला ते तिच्या डोळ्यांत एकेक करून कळताना दिसलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"नाही," ताई सावकाश म्हणाली. "माझ्या बहिणीने."

"काय करते बहीण?"

"काही नाही करत. तिला काय कळतंय. लहान आहे ती."

"मॅडम," धाकटीच्या तोंडून निघालं, "मॅडम, मी..."

ताईने हात लांबवून तिचं मनगट पकडलं. सत्तावीस वर्षं काउंटर सांभाळलेला हात होता तो. हाड कळवळेल इतका आवळला. "सिस्टर," ती म्हणाली, "मला जरा पाणी देता?"

धाकटी पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा डॉक्टरीणबाई उतारा सिरिंजमध्ये भरत होत्या. "बैल गेला अन् झोपा केला अशातली गत आहे ही," त्या म्हणाल्या, "पण आजूबाजूचं जेवढं वाचेल तेवढं वाचवू." त्या दिवशी ताईला मलम कुणी लावलं नाही, वेळच नव्हता. ती सुयांवर सुया खात राहिली आणि तिने हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी घरी धाकटी तिच्या पायाशी बसली. रडून रडून डोळे सुजले होते. "मी उद्या मॅडमना सगळं सांगते. मला सांगू दे."

"काल सांगायचं होतंस," ताई म्हणाली. "परवा सांगायचं होतंस. तेव्हा दातखीळ बसली होती. आता सांगून काय, तुझ्या जिवाला हलकं वाटेल. आणि खायचं काय आपण दोघींनी? काउंटर माझा गेला, हे काय सांगायला पाहिजे का कुणी?" तिने बँडेजवरून बोट फिरवलं. "लोकांची नाकं कापली जातात ती नुसती म्हणायला. माझं तू खरंच कापलंस बाई."

धाकटी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवायला गेली. ताईने गुडघे बाजूला घेतले. "दुखतात," एवढंच म्हणाली.

नाकपुडीची कड महिन्याभरात गळून पडली. जखम भरली, पण तिथे खाच राहिली आणि वरचा ओठ त्या बाजूने ओढला गेला. ताई गोदामात गेली. चष्मेवाल्याने पाठवायच्या आधी तिने स्वतःच अर्ज दिला. धाकटी दवाखान्यात रोज मोजत राहिली. एक, दोन, आला. आवाज थोडा घोगरा झाला होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही. फेकायच्या सिरिंज ती आता पंधरावा दिवस उजाडायच्या आत फेकते.

गंमत म्हणजे ताईची उजवी बाजू अजून छान आहे. गाल भरलेला, रेघ नाही. वर्षभर तशीच राहील. जिन्यात भेटणारे शेजारी त्या बाजूने आले तर म्हणतात, काय हो, वय उलटं चाललंय की काय तुमचं! ताईने त्यासाठी एक युक्तीच करून ठेवली आहे. बसमध्ये ती डावीकडच्या खिडकीशी बसते, गोदामात भिंतीला डावा खांदा लावून काम करते, कुणी हाक मारली तर उजवीकडून वळते. डावा गाल ती कुणालाच दाखवत नाही.

जेवायला बसताना मात्र तिने खुर्ची बदलली आहे. पूर्वी ती खिडकीच्या बाजूला बसायची. आता दाराच्या बाजूला बसते, म्हणजे डावा गाल बरोबर धाकटीसमोर येतो. बोलणं चालू असतं नेहमीसारखं, भाजी कशी झाली, उद्या पाणी कधी येणार आहे. धाकटी मान खाली घालून जेवते. तिने मान खाली घातली की ताई हात पुढे करते, हनुवटीला धरून तिचा चेहरा वर उचलते आणि म्हणते, "नीट वर बघून जेव."